अवजलावर जगणारी शहरं

आमच्या कळव्याच्या इमारतीत पहाटे साडेपाचला वॉचमन मोटर चालू करतो. तळाच्या टाकीतलं पाणी चौदाव्या मजल्यावरच्या गच्चीकडे चढायला लागतं, पाइपांची घरघर झोपेतही ऐकू येते आणि मागच्या महिन्यापर्यंत तासाभराने वरून ओव्हरफ्लोचं पाणी पडल्याचा आवाज आला की मोटर बंद व्हायची. हजार लिटर पाणी पन्नास मीटर चढवायला साधारण पाव युनिट वीज लागते. सोसायटीच्या बिलात लिफ्टच्या खालोखाल मोठा आकडा या मोटरचाच. वर चढलेलं पाणी मग दिवसभर टाकीत उभं राहतं आणि आपण नळ उघडला की स्वतःच्या वजनाने खाली येतं. पहाटे खर्च केलेल्या विजेतला काही भाग ते पाणी सांभाळून असतं.

धरणावर वीज कशी होते हे कुणी विचारलं, की मी त्यांना गच्चीवरची टाकीच दाखवतो. फरक एवढाच, की धरणाच्या टाकीत पाणी चढवायचं काम सूर्य आणि पाऊस करतात. समुद्राचं पाणी वाफ होऊन सह्याद्रीच्या माथ्यावर पडतं आणि तिथून खाली येताना आपण त्याच्या वाटेत चक्र उभं करतो. जलविद्युत म्हणजे एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीत ठाणे आणि नवी मुंबईची माणसं किती गुंतलेली आहेत, याची जाणीव आपल्याला फार कमी आहे आणि म्हणून हा लेख.

मे महिन्यात सह्याद्रीवरून कोकणात उतरणाऱ्या बहुतेक नद्या दगडगोट्यांचे पट्टे होतात. उल्हास मात्र वाहत असते. शहाडजवळ तिच्यातून उपसलेलं पाणी ठाण्यापर्यंत येतं. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली या सगळ्या पट्ट्याची तहान याच नदीवर आहे. ऐन उन्हाळ्यात नदीत पाणी कुठून आलं? घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणातून. आंध्रा नदीचं पाणी तिथे अडवलेलं आहे, ते दाबनलिकांमधून भिवपुरीच्या वीजकेंद्रात कोसळतं आणि वीज करून झाली की उल्हासच्या पात्रात सोडलं जातं. वीज झाल्यावर उरणाऱ्या पाण्याला जलसंपदा खात्याच्या भाषेत ‘अवजल’ म्हणतात. खोपोलीच्या केंद्राचं अवजल पाताळगंगेला मिळतं, त्यावर रसायनी आणि पनवेलचा पट्टा जगतो. भिऱ्याचं कुंडलिकेत जातं. कोलाडला राफ्टिंगला गेलेल्यांनी पाहिलं असेल, सकाळी वरून पाणी सुटल्याशिवाय होड्या पाण्यात उतरत नाहीत. भर उन्हाळ्यात तासाभरात नदी भरून येते, कारण वर भिऱ्याला यंत्रं सुरू झालेली असतात.

ही तिन्ही केंद्रं टाटांची: खोपोली 1915 चं, भिवपुरी 1922 चं, भिरा 1927 चं. मुंबईच्या गिरण्यांना धुराशिवाय वीज मिळावी म्हणून ती उभी राहिली. त्या काळाचा विचार केला तर कल्पना अफाट होती. लोणावळा, वळवण, शिरवता, ठोकरवाडी, मुळशी इथलं पाणी निसर्गाने पूर्वेकडे, भीमेकडे जायचं. ते अडवून पश्चिमेच्या कड्यावरून खाली सोडलं, तर पाचशे मीटरच्या आसपास उतार मिळतो आणि वीज ही पाण्याच्या उंचीवर ठरते. आपल्याला धरण म्हटलं की भलीमोठी भिंत आणि दरवाज्यांतून उसळणारं पांढरं पाणी आठवतं. त्या पाण्याने वीज होत नाही, ते तर जास्तीचं म्हणून सोडून दिलेलं असतं. वीज होते ती बंद नळातून येणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पाण्याने.

हिशेब करून पाहा. घनमीटरभर, म्हणजे हजार लिटर पाणी चारशे मीटर खाली आणलं, तर यंत्रातली घट धरून एक युनिट वीज मिळते. तेच पाणी चाळीस मीटर खाली आणलं तर एक दशांश युनिट. नवी मुंबईच्या स्वतःच्या मोरबे धरणाची रोज 45 कोटी लिटर पाणी देण्याची क्षमता आहे. ते सगळं चाळीस मीटरांवरून यंत्रातून नेलं, तरी दोन मेगावॅटच्या आतबाहेर शक्ती मिळेल. महापालिकेने तिथे दीड मेगावॅटच्या जलविद्युतचा विचार मांडला होता, तो आकडा याच हिशेबातून आला असणार. थोडी आहे म्हणून ती वीज मला हलकी वाटत नाही. नाहीतरी ते पाणी पिण्यासाठी खाली आणायचंच आहे, वाटेत चक्र फिरवून घेतलं तर एकाही माणसाला घर सोडावं लागत नाही. भातसा धरणाच्या पायथ्याला 15 मेगावॅटचं केंद्र याच तत्त्वावर उभं आहे आणि पिण्याच्या प्रत्येक धरणाच्या पायथ्याला असं एकेक चक्र असावं असं मला मनापासून वाटतं.

आता ‘नवीकरणीय’ या शब्दाकडे येतो, कारण वाद तिथे आहे. आपल्याकडे 2019 पर्यंत 25 मेगावॅटपर्यंतच्या जलविद्युत केंद्रांनाच नवीकरणीय मानलं जायचं. त्या वर्षीच्या मार्चमध्ये केंद्र सरकारने मोठ्या प्रकल्पांनाही त्यात घेतलं. एका निर्णयाने 1,960 मेगावॅटची कोयना सौरऊर्जेच्या पंगतीत येऊन बसली. पाण्यापुरतं बोलायचं तर ते बरोबरच आहे, पाऊस दर वर्षी येतो, कोळसा एकदाच जळतो. पण जलविद्युत प्रकल्पात फक्त पाणी नसतं. दरीतली शेतं असतात, देवराई असते, नदीकाठची स्मशानं असतात. उष्ण हवेच्या प्रदेशात बुडालेली झाडंझुडपं कुजून जलाशयातून मिथेनही निघतो. या सगळ्याचं नूतनीकरण कोणत्याही पावसाळ्यात होत नाही.

कोपरखैरण्याला माझ्या ओळखीचे एक माथाडी काका आहेत, मूळचे पाटण तालुक्यातले. वाशीच्या मार्केटमध्ये आयुष्यभर गोणी वाहिल्या, आता गुडघे गेलेत. त्यांच्या आजोबांचं गाव कोयनेच्या शिवसागरात गेलं. आजीने घर सोडताना बाकी भांडीकुंडी राहू दिली आणि जातं तेवढं बैलगाडीत चढवलं. नव्या जागी महिनोन् महिने पत्र्याच्या छपराखाली काढले, जमीन अशी की जातं सपाट बसेना. दळताना ते एका बाजूला सरकायचं, आजी त्याच्याखाली दगड लावायची. काकांनी हे स्वतः पाहिलेलं नाही, त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. सांगताना मात्र दोन्ही तळवे जमिनीला टेकवून ते जातं कसं हलायचं ते दाखवतात. आणि मग वर दिव्याकडे बघून म्हणतात, “ही लाइट आमच्या गावावरनं येते, दादा.” त्यांच्या आवाजात तक्रार नसते, थोडा अभिमानच असतो. मला त्या वेळी काय बोलावं ते सुचत नाही.

मुळशीच्या लोकांनी तर शंभर वर्षांपूर्वीच हा प्रश्न विचारला होता. 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातले शेतकरी ‘जान किंवा जमीन’ म्हणत सत्याग्रहाला बसले. धरणाविरुद्धच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या लढ्यांमध्ये त्याची गणना होते. लढा हरला, धरण झालं आणि त्याच धरणाच्या अवजलाने कुंडलिका बारमाही झाली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. महाराष्ट्रात प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला तो 1976 साली, मुळशीला पन्नास वर्षं उलटल्यावर आणि कोयनेची गावं बुडून गेल्यावर.

म्हणून माझं पहिलं म्हणणं सरळ आहे. आपल्या शहरांच्या नावाने सह्याद्रीतली एकही नवी वस्तीची दरी बुडवू नये. मुरबाड तालुक्यातल्या काळू धरणाचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. मुंबई महानगराच्या पाण्यासाठी ते आखलं गेलं, जवळपास हजार हेक्टर वनजमीन त्यात जाणार होती. वनखात्याची मंजुरी हातात नसताना काम सुरू झालं आणि शेवटी उच्च न्यायालयाला ते थांबवावं लागलं. तिथल्या ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी वस्त्यांनी विरोध केला, त्याला विकासाचा विरोध म्हणणं मला मान्य नाही. शेजारच्या शहापूरचं काय झालं ते त्यांनी रोज पाहिलेलं आहे. तानसा, भातसा, मोडकसागर ही धरणं ज्या तालुक्यात, त्याच तालुक्यात दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण शहापूरला शब्दशः लागू पडते.

मग वीज कुठून आणायची? इथे मला जलविद्युतची बाजू घ्यायची आहे आणि ठामपणे घ्यायची आहे, कारण पाण्याच्या विजेत एक गुण आहे जो दुसऱ्या कुठल्याही विजेत एवढ्या प्रमाणात नाही. ती हाक मारली की येते.

12 ऑक्टोबर 2020 ची सकाळ ठाणेकर विसरलेले नसतील. दहाच्या सुमारास दिवे गेले, लोकल जागच्या जागी थांबल्या, कोविडचे दिवस असल्याने रुग्णालयांच्या काळजीने जीव टांगणीला लागला. कळवा आणि पडघ्याच्या दरम्यानच्या उच्चदाब वाहिन्या बंद पडल्या होत्या आणि ठाणे, मुंबई, नवी मुंबई एकदमच अंधारात गेली. कळव्यात राहणाऱ्या मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की आपल्या गल्लीच्या मागून जाणारे मनोरे एवढ्या मोठ्या शहराचा जीव धरून आहेत. वीज परत आणायला त्या दिवशी ज्या केंद्रांकडे धाव घेतली गेली, त्यांत घाटाखालची ही तीन जुनी जलविद्युत केंद्रंही होती. कोळशाचं थंड पडलेलं केंद्र पुन्हा पेटायला तासन् तास लागतात. पाण्याचं चक्र काही मिनिटांत पूर्ण वेगाने फिरतं. झडप उघडायची, पाणी यायला तयारच असतं.

सौरऊर्जेचा दुबळेपणा नेमका इथे भरून निघतो. दुपारी बारा-एकला सौर वीज मुबलक असते. संध्याकाळी सहा-सातला ऊन जातं आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, मिक्सर, एसी सुरू होतात. ऐरोली, महापे, रबाळे या भागात उभी राहिलेली डेटा सेंटर तर रात्रभर सारखीच वीज ओढतात. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत कुठेतरी ठेवायला हवी. आणि एवढ्या प्रमाणात वीज ठेवायची सगळ्यात जुनी, पारखलेली जागा म्हणजे उंचावर चढवलेलं पाणी.

हे आपल्याच जिल्ह्यात चालू आहे. शहापूर तालुक्यात डोळखांबच्या पुढे चोंढे गाव आहे. त्याच्या डोक्यावर कड्याच्या माथ्याला घाटघर, ते अहिल्यानगर जिल्ह्यात. वर एक छोटं धरण, खाली एक छोटं धरण, मध्ये डोंगराच्या पोटात वीजघर. घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्प असं त्याचं नाव, 2008 पासून चालू असलेला, 250 मेगावॅटचा. मी दोनदा तिथे गेलो. पहिल्यांदा वरून पाहिलं, तळं शांत आणि पलीकडे कोकणकडा, काही घडतंय असं वाटतच नाही. दुसऱ्यांदा खाली चोंढ्याला सकाळी पोहोचलो तेव्हा जलाशयाच्या काठावर ओल्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडला होता. बेसॉल्टच्या दगडांवर पाण्याच्या पातळीची एकाखाली एक रेघ, जशी चहाच्या कपात राहते तशी. एक आजोबा तिथे म्हशी घेऊन आले होते. त्यांना विचारलं, पाणी आटलंय का हो? म्हणाले, “आटलं नाय, वर गेलंय. सांच्याला येईल परत.”

उदंचनाचं याहून चांगलं वर्णन मी कुठल्या अहवालात वाचलेलं नाही. विजेची मागणी कमी असते तेव्हा तीच यंत्रं उलटी फिरतात आणि खालचं पाणी साधारण चारशे मीटर वर चढवतात. मागणी चढली की पाणी खाली सोडून वीज घेतात. संध्याकाळचे सहा तास पूर्ण क्षमतेने चाललं तर 15 लाख युनिट होतात आणि त्यासाठी जवळपास 150 कोटी लिटर पाणी खाली येतं. मोरबेच्या रोजच्या पुरवठ्याच्या तिप्पट. पण त्यातला थेंबही खर्च होत नाही, वाफ होईल तेवढी सोडून. तेच पाणी पुन्हा चढतं. चढवताना वीज अर्थातच जास्त लागते, शंभर युनिट घालून पंच्याहत्तर-ऐंशी परत मिळतात. ही घट खरी आहे आणि ती लपवू नये. पण दुपारची स्वस्त सौर वीज ऐन संध्याकाळी हातात मिळत असेल, तर ती घट सोसण्यासारखी आहे.

आणि इथून माझ्या मुख्य मुद्द्याला येतो. टाटा धरणांमधून वर्षाला साधारण 42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी भीमेच्या खोऱ्यातून कोकणात वळतं. सोलापूरकडचे लोक म्हणतात, हे पाणी आमचं, आम्ही दुष्काळात होरपळतो आणि तुम्ही ते कड्यावरून सोडून देता. ठाण्यात बसून ही मागणी झटकून टाकणं सोपं आहे, पण ती खोटी नाही. त्या पाण्यापासून माझ्या हिशेबाने वर्षाला दीड अब्ज युनिटच्या आत वीज होत असेल. तेवढे युनिट आज हजारभर मेगावॅटच्या सौर प्रकल्पांतून मिळू शकतात. शंभर वर्षांपूर्वी दुसरा पर्याय नव्हता, आज आहे. युनिट दुसरीकडून आणता येतात, संध्याकाळच्या विजेची सोय उदंचनाने होते. मग त्या पाण्याच्या जागी दुसरं काय आणता येत नाही? उल्हास आणि पाताळगंगेला मिळणारं अवजल. म्हणजे आज ही धरणं वीजनिर्मितीच्या नावाने चालतात आणि प्रत्यक्षात आपल्याला पाणी पाजतात.

हे उघडपणे मान्य करायला हवं. वीज आणि पिण्याचं पाणी यांचे हिशेब वेगळे मांडायला हवेत. विजेसाठी लागणारं पाणी एकदाच खाली सोडून देण्याऐवजी शक्य तिथे वरखाली फिरतं ठेवावं, भिऱ्याला 150 मेगावॅटचा उदंचन संच आहेच. आणि पिण्यासाठी किती अवजल खरोखर हवं, ते मोजून, भीमेच्या खोऱ्यातल्या लोकांसमोर बसून ठरवावं. उरेल ते घाटमाथ्यावर थांबू शकेल. मला ठाऊक आहे की हे ठाणेकरांना आवडणार नाही. आज नदीत आपोआप येणाऱ्या पाण्यासाठी आपल्याला उद्या कारण द्यावं लागेल. पण सोलापूरच्या शेतकऱ्याला ते कारण देता येत नसेल, तर मग ते पाणी आपण कोणत्या हक्काने पितो?

उदंचनाच्या बाजूने बोलताना एक भीतीही सांगायला हवी. राज्य सरकारने 2023 च्या अखेरीस उदंचन प्रकल्पांचं धोरण आणलं आणि तेव्हापासून सह्याद्रीच्या प्रत्येक कड्याकडे कंपन्यांचं लक्ष लागलं आहे. त्याच वर्षी भिवपुरीला 1,000 आणि शिरवत्याला 1,800 मेगावॅटचे प्रकल्प उभारायचा करारही टाटा पॉवरने राज्याशी केला. जुन्या जलाशयांच्या आधाराने होणारी कामं मी समजू शकतो. पण कुठलाही हिरवा कडा दिसला की वर एक खड्डा, खाली एक खड्डा, असं होऊ लागलं तर पश्चिम घाटाचं उरलंसुरलं जंगल आपण ‘हरित ऊर्जे’च्या नावाने कापू. घाटघर स्वतः कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात आहे, हेही विसरायला नको. आधी असलेली धरणं, मग खाणींचे पडीक खड्डे आणि तरीही कमी पडलं तरच नवी जागा, हा क्रम कायद्यात बसवायला हवा.

आणि त्या गावांना वाटा. नवी मुंबईत हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. शहरासाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली 1984 साली जासई-नवघरला रक्त सांडलं, त्यातून विकसित जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचा हक्क मिळाला. प्रकल्पग्रस्त माणूस एकदाच भरपाई घेऊन बाजूला होणारा नसून प्रकल्पाचा भागीदार आहे, हे तत्त्व देशाला इथल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांनी शिकवलं. जलविद्युतमध्ये केंद्र सरकारच्या 2008 च्या धोरणाने राज्याला 12 टक्के मोफत वीज आणि त्यावर स्थानिक विकासासाठी आणखी एक टक्का असं सूत्र ठेवलं. एक टक्का! ज्याच्या डोक्यावर तळं आहे आणि पायाखाली बोगदा, त्याला एक टक्का. चोंढ्याच्या त्या आजोबांच्या घरात संध्याकाळी सातला दिवा असतो की नाही, हे मी त्यांना विचारायचं राहून गेलं आणि ते मला अजून सलतं.

आपल्या हातात काय आहे, हेही सांगतो. नवी मुंबई महापालिका सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते उद्योगांना देते. हे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या प्रत्येक कारखान्याला, प्रत्येक डेटा सेंटरच्या कूलिंगला आणि प्रत्येक चालू बांधकामाला सक्तीचं करता येईल. घोडबंदर रोडवरच्या संकुलांमध्ये फ्लशसाठी वेगळी नळयोजना बांधतानाच टाकता येते, नंतर कुणी भिंती फोडत नाही. पाइपमधून गळणारं पाणी किती, हे प्रभागवार मोजून महासभेत मांडता येतं. आमच्याच सोसायटीत गच्चीच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह वर्षभर बिघडलेला होता. रोज पहाटे ओव्हरफ्लोचं पाणी पडायचं आणि आम्ही त्यालाच टाकी भरल्याची खूण समजायचो. साडेचारशे रुपयांचा व्हॉल्व्ह मागच्या महिन्यात बदलला. आता मोटर अकरा मिनिटं आधी बंद होते. काळूच्या खोऱ्यातल्या ग्रामसभांकडे धरणाचा प्रस्ताव पुन्हा न्यायचा असेल, तर आधी ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या अशा सगळ्या अकरा मिनिटांचा हिशेब सोबत न्यावा.